विसण

चिंधी खाकी होती. एका कडेला करपून तपकिरी झालेली, दुसऱ्या कडेला शिलाईचा दुहेरी दोरा अजून शाबूत — म्हणजे ही शर्टाची बाही असणार, कारखान्याच्या गणवेशातली — आणि ती बंबाच्या टोपणाच्या मुठीला इतकी घट्ट गुंडाळलेली होती की मूठ कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं ते बोटांना कळत नव्हतं. उत्कर्षाने मूठ धरली, पण टोपण उचललं नाही. सकाळचे साडेसात वाजले होते, पत्र्याच्या आडोशाखाली ऊन अजून पोचलं नव्हतं, आणि तांब्याचा तो फुगीर बंब हाताला एवढा गार लागत होता की जणू तो कधी तापलाच नव्हता... सोळा दिवस हे टोपण कोणी उचललं नव्हतं. सोळा दिवसांपूर्वी ज्याच्यासाठी पाणी तापवलं होतं तो माणूस हा बंब दुसऱ्या कोणाला पेटवू देत नसे.

आईने आज पाणी मागितलं नसतं तर उत्कर्षाही इथे आली नसती. आबा, उत्कर्षाचे वडील, गेल्यापासून आईने काहीच मागितलं नव्हतं. चहा दिला की चहा, भाकरी दिली की त्यातली चतकोर. अंघोळीला भावाने, अजितने, बादलीत हीटरची कांडी लावून ठेवलेली असे, त्या पाण्याने ती मुकाट्याने अंघोळ करून येई. आणि आज, उत्कर्षाची बॅग भरून दाराशी ठेवलेली, दुपारी दोनला बारामतीहून पुण्याची गाडी, अजित पहाटेच कामावर गेलेला — आई ओट्याशी येऊन उभी राहिली आणि परक्याच्या घरी विचारावं तसं म्हणाली,

"आज बंबातलं पाणी मिळंल का गं?"

मिळंल का! या घरात चाळीस वर्षं बंबातल्या पाण्याखेरीज दुसरं पाणी अंगावर न घेतलेल्या बाईने हे विचारावं... उत्कर्षा हो म्हणाली. पण आईला पाणी हवं होतं ते आबांच्या हातचं. विसण न लागणारं.

विसण हा शब्द पुण्यात तिच्या तोंडून जवळजवळ गेलाच होता. तिथे एक तोटी लाल, एक निळी, दोन्ही फिरवत राहायच्या. ग्रंथालयात एकदा असाच हाताशी कोश होता म्हणून तिने तो शब्द काढून पाहिला होता: कढत पाण्यात घालायचं गार पाणी. एवढंच. गावाकडे त्याला इसण म्हणत, आणि आबांच्या लेखी ती चुकीची कबुली होती. "इसण लागलं म्हंजी जळण फुकट गेलं," असं ते म्हणत. आधी जास्त तापवायचं आणि मग गार ओतून ते उतरवायचं, हा काय धंदा झाला? कारखान्याच्या बॉयलरवर एकतीस हंगाम काढलेला माणूस होता तो. तिथे काटा जिथे हवा तिथे ठेवायचा, ना वर ना खाली. आणि तीच शिस्त त्यांनी घरामागच्या या बंबाला लावलेली. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यात बॉयलर पेटवण्याचा समारंभ झाला की घरी येऊन ते बंबालाही हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे. आई पदराआड हसायची. "एवढा मान मला न्हाय मिळाला कधी," म्हणायची.

तिने टोपण उचललं.

आतल्या नळकांड्यात काळी लाकडं होती. अर्धवट जळून विझलेली, एकमेकांवर रचलेली नव्हे, कोंबलेली. ती तिचीच होती. तिला ओळखू आली... वरचा बाभळीचा तुकडा तर तिने टाचेने दाबून मोडला होता, त्याची मोडलेली बाजू तशीच होती, फक्त काळी.

आधी पाणी. रिकाम्या बंबाला जाळ लावला की तांब्याच्या जोडांचं झाळण सुटतं, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तिने चार कळश्या ओतल्या, बंब आतून घुमला, मग तो आवाज भरत भरत बंद झाला. मग तिने हात घालून ती लाकडं काढायला घेतली. पहिलं, दुसरं. कोपरापर्यंत काळं. पाचवं. सहावं! इतकी? एका अंघोळीला?

आबा तीन घालायचे. बाभळीच्या तीन ढलप्या, खाली मूठभर पाचट, पाचटावर मक्याची दाणे काढलेली दोन बुरकुंडं. "भट्टीला भुकेलं ठेवायचं," ते सांगायचे, "पोट भरलं की ती झोपती, आन् झोपली की धूर घालती." ती तेव्हा सात-आठ वर्षांची, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून त्यांच्याशेजारी उकिडवी बसलेली. खालचं राखेचं दार दोन बोटं उघडं. वरचं टोपण अर्धं सरकवलेलं. जाळ बघायचा नाही, धूर बघायचा. काळा आला तर वारा कमी पडतोय, पांढरा आला तर लाकूड ओलं आहे, आणि काहीच दिसेना, नुसती वरची हवा थरथरताना दिसली, की समजायचं गाडी रुळावर आली. मग पाणी झालं की नाही ते बघायची त्यांची रीत. हाताची पालथी बाजू तांब्याला टेकवायची आणि म्हणायचं: एक, दोन, तीन, चार, पाच. तीनला हात निघाला तर जास्त. सातपर्यंत टिकला तर कमी. पाचला निघाला पाहिजे, आपोआप. तिचा हात ते आपल्या हाताने धरून तांब्याला टेकवत आणि ती घाबरून 'एक'लाच ओरडे. "उतू," ते म्हणत, "उतू नगं जाऊ." आपल्याच विनोदावर रोज तितकंच हसत. साऱ्या घराने तिला उतू म्हणावं ते त्या विनोदापायीच.

तिने जाळी झटकली, राख सुपात काढली. पाचट कोरडं होतं, एका काडीत धरलं. बुरकुंडं तडतडली. तिने एक ढलपी सोडली, मग दुसरी, तिसरी हातात धरून थांबली — घालायची का? — आणि घातली. टोपण अर्धं. खालचं दार दोन बोटं. पण बोटं कोणाची, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता. आबांची बोटं जाड होती. तिच्या दोन बोटांचं दार म्हणजे त्यांचं दीड.

धूर आला. काळा, वळवळता, पत्र्याला थटून खाली येणारा.

"काय गं उतू, हंगाम सुरू केला का?" कुंपणापलीकडून सिंधुबाईंचा आवाज आला. त्या शेजारच्या, आईच्या बरोबरीच्या, हातात धुण्याचा पिळा. "सगळा धूर माझ्या धुण्यात चाललाय."

"दार जरा जास्त मिटलं गेलं, काकू."

"मग उघड की. पुस्तकात बघून पेटवतीस व्हय? आबांनी ह्यो धूर बघितला असता तर तुला मेमोच दिला असता बघ."

उत्कर्षा हसली. सिंधुबाईही हसल्या आणि मग दोघी एकदमच थांबल्या. सिंधुबाईंनी पिळा झटकला, विनाकारण दोनदा. "ईजू न्हायला येती का आज?" त्यांनी हळू आवाजात आईबद्दल विचारलं. "बंबाचं पाणी मागितलं तिनं? ...बरं झालं बाई. मागू दे." आणि त्या आत गेल्या.

तिने दार आणखी एक बोट उघडलं. धूर पातळ झाला. हे असं साधं होतं. एक बोट. त्या दिवशी तिला हे का सुचलं नाही?

त्या दिवशी ती पुण्याहून साडेअकराला पोचली तेव्हा अंगणात माणसं होती आणि आबा ओसरीवर होते, झोपल्यासारखे. सकाळी चहा घेतला, अंगणात खुर्ची टाकून बसले आणि मान कलली, एवढंच घडलं होतं. तिला रडू येत नव्हतं आणि हातांना काही काम हवं होतं. कोणीतरी म्हणालं, पाणी ठेवायला पाहिजे. दुसरं कोणी म्हणालं, बंब हायच की भरलेला. भरलेला होता. त्यांनीच पहाटे भरला होता. आणि टोपण उचललं तर आत पाचट, बुरकुंडं, त्यावर तीन ढलप्या, नेमक्या, एकमेकींना अंतर राखून टेकवलेल्या... फक्त काडी लावायची राहिलेली. स्वतःच्या अंघोळीसाठी त्यांनी रचून ठेवलेला जाळ. मला ते दिसलं. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, एवढ्यात काय होणार, माणसं खोळंबलीत... आणि मी वर लाकडं घातली. ढिगातून ओढून, दिसेल ते, जाड, गाठीची. मावेनात तेव्हा मोडून. काळा धूर झाला तेव्हा मी खालचं दार सताड उघडलं. मग टोपणाच्या जागेतून हातभर जाळ वर आला, आणि पाणी उकळायला लागलं, बंब आतून धडधडायला लागला, आणि बाहेरून कोणी विचारलं, "झालं का पाणी?"

तोटी सोडली तेव्हा पाण्याबरोबर वाफ आली. बादली भरली. तिने इकडेतिकडे पाहिलं, गार पाण्याच्या कळशीकडे हात नेला. शेजारी गेणबा तात्या उभे होते, आबांचे चुलत चुलते, नव्वदीचे, काठीवर दोन्ही हात ठेवून. वाईट काहीच नव्हतं त्यांच्या बोलण्यात. हळुवारच बोलले ते.

"आता कशाला इसण, बाळ. द्ये तसंच."

आणि तिने दिलं. तसंच.

पुढचं तिला तुकड्यांत आठवत होतं. तात्यांनी टोपण दाबून बसवलं, रिकाम्या बंबाला जाळ नको म्हणून. अजितने बादलीत तांब्या बुडवला, आबांच्या पायांवर पहिलं पाणी घातलं आणि हात झटकला — झटकन, बोटं पोळल्यावर माणूस झटकतो तसा. मग इकडेतिकडे बघून हात पाठीमागे लपवला.  आईला दोघींनी धरून आणलं. तिच्या हातात मघाशी प्यायला दिलेला गार पाण्याचा तांब्या तसाच होता. तो तिने आबांच्या अंगावर घालायच्या ऐवजी बादलीतच ओतला. "भान न्हाय बिचारीला," असं कोणी बायकांतलं म्हणालं आणि तिला बाजूला घेतलं. बाकी अंघोळ झाली, धोतर झालं, हार झाले. साऱ्या गर्दीत एकट्या उत्कर्षाचे डोळे अजितच्या बोटांवर होते. ती लाल झाली होती.

तेव्हापासून हे तिला सोडत नव्हतं. शहाण्यासारखी ती स्वतःला समजावी: देहाला काय कळतं, चटका लागायला जाणीव लागते, हे सगळं तिने वाचलेलं होतं, चांगल्या माणसांनी लिहिलेलं, मृत्यूबद्दल, देहाबद्दल. त्यातलं एकही वाक्य त्या पायांपर्यंत पोचत नव्हतं. आयुष्यभर ज्याने कोणाला चटका लागू दिला नाही, थंडीतल्या अंधाऱ्या सकाळी उठून ज्याने आम्हा तिघांसाठी पाणी नेमक्या काट्यावर आणून ठेवलं, दाराशी उभं राहून ज्याने रोज विचारलं, "बरोबर हाय का?" — त्या माणसाला मी शेवटचं पाणी कढत दिलं. त्याने रचलेला जाळ पुरेसा होता. मला तो पुरेसा वाटला नाही.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. अजितला तर नाहीच. त्याने बोटांना मलम लावताना तिने पाहिलं होतं आणि त्याने ट्यूब उशीखाली सरकवली होती. आईला सांगावं असं रोज वाटे आणि रोज ती आईची चतकोर भाकरी पाही.

धूर थांबला होता. टोपणाच्या वर हवा थरथरत होती. पलीकडची शेवग्याची फांदी त्या हवेतून पाण्यात बघावी तशी हलत होती. गाडी रुळावर. तिने खालचं दार अर्धं बोट मिटलं, जाळाचा आवाज उतरला, नुसती धग राहिली. तिला वाटलं, हात शिकतात हे. माझे हात शिकताहेत, सोळा दिवस उशिरा.

तिने पालथा हात तांब्याला टेकवला. एक... दोन... तीन... चार — नऊपर्यंत टिकला. अजून कोमट. थांबायचं. आणखी ढलपी घालायची नाही. लाकडाकडे गेलेला हात तिने मागे घेतला, आणि तो मागे घेताना ती त्या दिवशीच्या आपल्याला जणू मनगटाला धरून मागे ओढत होती. पुन्हा हात. सातला निघाला. मग सहा. तिने टोपण थोडं पुढे सारलं, खालचं दार पुरतं मिटलं. आता आतली धग आतच फिरेल. पुन्हा.

एक, दोन, तीन, चार, पाच.

आपोआप निघाला. तिला हसू आलं.

"आई, ये. पाणी झालं."

बादली तिने तोटीखाली धरली, न्हाणीत नेऊन ठेवली. आई टॉवेल खांद्यावर टाकून आली, न्हाणीच्या अर्ध्या पत्र्याच्या दारामागे गेली. दाराच्या वर तिची पांढरी वेणी दिसत होती, खाली टाचा. उत्कर्षा बंबापाशी उभी राहिली, नेमकी आबा उभे राहत तिथे. तिथली जमीन थोडी खोलगट होती हे तिला पहिल्यांदाच कळलं. आत आईने बोटं बुडवल्याचा आवाज आला.  उत्कर्षाने विचारलं, विचारताना तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"बरोबर आहे का गं?"

 दारामागे खुसखुस झाली. उत्कर्षाला आधी वाटलं आई रडते आहे.

"तंतोतंत त्यांच्यावानी झालंय," आई म्हणाली. ती हसत होती. "इसण दे तांब्याभर."

"काय?"

"अगं, कढत हाय. भाजंल की मला. नळाचं दे जरा."

"पण आबांच्या पाण्याला विसण लागायचंच नाही..."

"कोण म्हणतं? ते म्हणायचे." आईचा आवाज सोळा दिवसांत पहिल्यांदा जागेवर आला होता, खरखरीत, मिश्किल. "बॉयलरवर हात भाजून भाजून त्यांची कातडी म्हशीवानी झालेली. त्यांना पाचला चटका बसायचा, मला दोनला. ह्या न्हाणीच्या दगडामागं तांब्या भरून ठेवायचे मी रातीच. ते भाईर उभं — 'बरोबर हाय का?' 'व्हय, बरोबर हाय.' आन् आत हळूच इसण. चाळीस वरसं."

"आणि आम्ही? मी, अजित... आमचं पाणी?"

"तुमाला काय तसंच घालीन व्हय? तुमच्या आधी मी आत यायचे न्हवं बादली घिऊन."

उत्कर्षा तशीच उभी राहिली. ते पाणी — तिच्या आठवणीतलं ते एकमेव बिनचूक पाणी, ज्याच्याशी तिने नंतरची प्रत्येक अंघोळ, आणि किती वेळा तरी माणसंही, ताडून पाहिली होती... "त्यांना कधीच कळलं नाही?"

"कोन जाणे." आत आईने तांब्या आपटला. "एकदा दगडामागचा तांब्या मी ठेवायला इसरले. सकाळी बघते तर भरलेला. मी काय इचारलं न्हाय, ते काय बोलले न्हाईत... दे की गं, गारठले मी."

तिने न्हाणीबाहेरच्या नळाखाली पितळी तांब्या धरला. हिवाळ्यातलं टाकीचं पाणी, बोटं बधिर करणारं. तांब्या जड झाला. दाराच्या वरून आईचा ओला हात आला, सुरकुतलेला, घेण्यासाठी पसरलेला, आणि त्या हातात तांब्या देताना उत्कर्षाचा हात क्षणभर तसाच राहिला, दोघींची बोटं पितळेवर... हाच हात. हाच तांब्या बहुतेक. त्या दिवशी दोघींनी धरून आणलेली, खाली मान घातलेली आई. अजितने हात झटकला तेव्हा ती कुठे बघत होती? भान न्हाय बिचारीला.

विचारावं. आत्ता विचारावं, दार मध्ये आहे तोवर. त्या दिवशी तू बादलीत गार तांब्या ओतलास तो... पण आईने तांब्या घेतला होता. आणि विचारलंच, तर ती काय सांगेल? व्हय म्हणेल, आणि ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं असेल. किंवा कोन जाणे म्हणेल, आणि ते खरं असेल. या घरात बरोबर हाय का या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षं एकच होतं.

आत गार पाणी कढत पाण्यात पडलं. आधी टणक, वेगळं, आपल्या आवाजात. मग त्याचा आवाज बुजत गेला आणि बादलीत एकच पाणी उरलं. आईने पहिला तांब्या अंगावर घेतला. "हां," ती स्वतःशीच म्हणाली.

उत्कर्षाने पालथा हात पुन्हा बंबाला टेकवला, सवय नसलेल्या सवयीने. एक... दोन... तीनला हात निघाला. आतले निखारे अजून पाणी तापवत होते. चौथी ढलपी न घालताही ते चढतच होतं. तिने कळशीभर गार पाणी वरून बंबात ओतायला हवं होतं, टोपण सरकवायला हवं होतं, काय काय करायला हवं होतं. हात तिने खाकी चिंधीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"अजून लागेल?" तिने विचारलं.

"लागंल की," आतून आई म्हणाली.

तिने नळ सोडला आणि दुसरा तांब्या भरायला ठेवला.